एक क्लास, दोन पत्ते

आयओएस सिम्युलेटरवर, म्हणजे मॅकवरच्या नकली आयफोनवर, अ‍ॅप चालवलं की एक्सकोड या अ‍ॅप बनवायच्या साधनाच्या कन्सोलमध्ये आपल्या पहिल्या प्रिंटच्याही आधी एक लांबलचक ओळ येऊन बसते. सुरुवातीला ‘ओबीजेसी’ आणि चौकटी कंसात प्रोसेसचा नंबर. मग ‘क्लास अमुक इज इम्प्लिमेंटेड इन बोथ’, मग पडद्याच्या रुंदीत न मावणारा पाथ, म्हणजे फायलीचा पत्ता, कंसात हेक्स आकडा, मग ‘अँड’ आणि तितकाच लांब दुसरा पाथ. शेवटी नवख्याला घाम फोडणारं वाक्य: ‘वन ऑफ द टू विल बी यूज्ड. विच वन इज अनडिफाइन्ड.’

आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने ती ओळ वाचून मला विचारलं, ‘ताई, हे अनडिफाइन्ड म्हणतंय. रिलीज थांबवायचं का?’ शेजारचा सीनियर हेडफोनही न काढता म्हणाला, ‘ते येतच असतं, सोड.’

इंटरनेटवर शोधलं तरी हीच दोन उत्तरं मिळतात. एक घाबरवणारं, एक झटकून टाकणारं. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोघांनीही मधले ते दोन पाथ वाचलेले नसतात. ओळ कितीही लांब असली तरी कामाचं सगळं त्या दोन पाथमध्येच आहे. क्लासचं नावसुद्धा नंतर बघितलं तरी चालतं.

आधी हे होतं का, ते थोडक्यात. ऑब्जेक्टिव्ह-सी ही १९८० च्या दशकातली भाषा. तिच्यात नेमस्पेस, म्हणजे नावांचे वेगळे कप्पे करायचा प्रकारच नाही. एका प्रोसेसमधले, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्रॅममधले, सगळे क्लास नावाने एकाच यादीत नोंदले जातात. अ‍ॅपचे, अ‍ॅपलच्या फ्रेमवर्कचे, तुम्ही आणलेल्या लायब्ररीचे, सगळे एकाच वहीत. म्हणून तर एनएस, यूआय, सीए असे उपसर्ग आले. एनएस हा नेक्स्टस्टेपच्या काळातला. दोन अक्षरी उपसर्ग अ‍ॅपलने स्वतःसाठी राखून ठेवले आणि बाकीच्यांना तीन अक्षरं वापरायला सांगितलं. अ‍ॅप सुरू होताना डीवायएलडी हा लोडर एकेक बायनरी (बिल्ड होऊन तयार झालेली कोडची फाइल) मेमरीत आणतो, रनटाइम, म्हणजे क्लास सांभाळणारा सिस्टिमचा भाग, तिच्यातले क्लास वहीत लिहितो, आणि एखादं नाव आधीच लिहिलेलं दिसलं की ही ओळ छापतो.

छापून गप्प बसतो, हे महत्त्वाचं. दुसरा क्लास तो फेकून देत नाही. ‘दोघांपैकी एक वापरला जाईल’ हे वाक्य त्यामुळे तसं अर्धवटच आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोन्ही वापरले जातात, आणि खरा त्रास तिथे आहे. एकाच सोसायटीत दोन सुनील पाटील राहतात असं समजा. गेटवरच्या रजिस्टरात आधी राहायला आलेल्याचं नाव आहे. ‘सुनील पाटील कुठे?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला वॉचमन त्याच्याकडेच पाठवतो. पण दुसऱ्या पाटलांच्या घरातली माणसं काही वॉचमनला विचारून त्यांना जेवायला बोलावत नाहीत. नावावरून क्लास शोधला, म्हणजे एनएसक्लासफ्रॉमस्ट्रिंग वापरलं किंवा स्टोरीबोर्डमधून क्लास आला, तर पहिला मिळतो. एखाद्या फ्रेमवर्कच्या आतला कोड मात्र लिंकरने, म्हणजे बिल्डच्या शेवटी कोडचे तुकडे सांधणाऱ्या साधनाने, जोडून दिलेल्या स्वतःच्या प्रतीशीच बोलतो. मग एक सिंगलटन (अख्ख्या अ‍ॅपला मिळून एकच असणारा ऑब्जेक्ट) असायला हवा तिथे दोन होतात. दोघांच्या स्टॅटिक व्हेरिएबल वेगळ्या, दोघांचं जग वेगळं.

आता पाथ. माझ्याकडे ते बहुतेक तीन तऱ्हांत मोडतात.

पहिली तऱ्हा म्हणजे दोन्ही पाथ सिस्टिमचे. २०१६ साली एक्सकोड ८ आलं तेव्हा आयओएस १० च्या सिम्युलेटरवर ‘पीएलबिल्डव्हर्जन’ नावाच्या क्लासची ओळ घरोघरी दिसायची: एक प्रत असेट्सलायब्ररीसर्व्हिसेसमध्ये, दुसरी फोटोलायब्ररीसर्व्हिसेसमध्ये. दोन्ही अ‍ॅपलचीच फ्रेमवर्कं. आपल्या कोडचा त्यात काडीचा संबंध नाही. नंतर वेबकिट आणि वेबकोअर यांच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी बंडलमधला एक क्लास असाच दोन्हीकडे दिसू लागला. अशा ओळीत दोन्ही पाथ सिम्युलेटरच्या रनटाइमच्या आत जातात. पाथमध्ये ‘रनटाइमरूट’ हा शब्द दिसला की ओळखायचं. आपल्या हातात काही नाही, आणि करायचंही काही नाही. आमच्या सीनियरचं ‘सोड’ एवढ्यापुरतं बरोबर आहे.

याच तऱ्हेतली एक ओळ सीआयच्या, म्हणजे आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेच्या, लॉगमध्ये फार दिशाभूल करते. ‘एएमसपोर्टयूआरएलकनेक्शनडेलिगेट’ हा क्लास, एक प्रत यूएसआर-लिबमधल्या लिबऑथइन्स्टॉलमध्ये आणि दुसरी मोबाइलडिव्हाइस या प्रायव्हेट फ्रेमवर्कमध्ये. नीट बघा, हे दोन्ही पाथ मॅकचे आहेत, सिम्युलेटरचे नाहीत. ही ओळ छापणारी प्रोसेस तुमचं अ‍ॅप नसून खुद्द एक्सकोडबिल्ड हे बिल्ड करणारं साधन आहे. पण टेस्ट फेल झाल्याच्या जरा वर ती येते, म्हणून लोक तिलाच पकडतात. मी असे लोक बघितलेत जे तिच्यापायी मॅक फॉरमॅट करायला निघाले होते.

दुसरी तऱ्हा: एक पाथ अ‍ॅपचा आणि दुसरा टेस्ट बंडलचा, म्हणजे एक्ससीटेस्ट या शेपटीचा. हे आपलंच काम. युनिट टेस्टचं बंडल अ‍ॅपच्याच प्रोसेसमध्ये घुसवलं जातं. अ‍ॅपला जी स्टॅटिक, म्हणजे थेट बायनरीत ओतली जाणारी, लायब्ररी लिंक केली तीच टेस्ट टार्गेटलाही लिंक केली की दोन प्रती झाल्याच. लायब्रऱ्या (पॉड) आणायला कोकोआपॉड्स वापरणाऱ्यांनी त्यांची यादी असलेली पॉडफाइल उघडून बघावी. टेस्टचं टार्गेट अ‍ॅपच्या टार्गेटच्या पोटात हवं, त्यात ‘इनहेरिट’ सर्च-पाथ्सपुरतं हवं, आणि पॉड पुन्हा लिहिलेले नकोत. हेडर सापडण्यापुरता पाथ पुरतो. लागणारे सिम्बॉल (कोडमधली नावं) ‘बंडल लोडर’ या सेटिंगमुळे होस्ट अ‍ॅपमधून मिळतात. स्विफ्ट या अ‍ॅपलच्या नव्या भाषेतल्या पॅकेजचंही तेच. टेस्ट टार्गेटच्या ‘लिंक बायनरी’ यादीत पॅकेज टाकायचा मोह होतो, आणि बहुतेक वेळा गरज नसते.

इथे एक आडवळण, कारण यावर माझा बराच वेळ गेलाय. एक्सकोड १६ पासून डीबग बिल्डमध्ये अ‍ॅपचा सगळा कोड मुख्य बायनरीत नसतो. तो शेजारच्या ‘डॉट डीबग डॉट डिलिब’ या फायलीत जातो आणि मुख्य बायनरी हा नुसता सांगाडा उरतो. प्रीव्ह्यू चालावेत म्हणून केलेली ही सोय आहे. परिणाम असा की वॉर्निंगमध्ये अनोळखी फाइल दिसते आणि माणूस बिचकतो, किंवा ‘एनएम’ हे बायनरीतली नावं दाखवणारं साधन लावून मुख्य बायनरीत क्लास शोधतो आणि तिथे काहीच सापडत नाही. शोधायचं ते डीबग डिलिबमध्ये. नाहीतर बिल्ड सेटिंगमध्ये ‘इनेबल डीबग डिलिब सपोर्ट’ तात्पुरतं ‘नो’ करून बघायचं.

तिसरी तऱ्हा सर्वांत वाईट: एक पाथ अ‍ॅपचा, दुसरा अ‍ॅपच्याच पोटातल्या एखाद्या डायनॅमिक, म्हणजे वेगळ्या फायलीत राहून सुरू होताना जोडल्या जाणाऱ्या, फ्रेमवर्कचा. ही सिम्युलेटरची कुरबूर नव्हे. फोनवरही हेच होणार आणि स्टोअरवरून उतरवलेल्या अ‍ॅपमध्येही हेच होणार. फरक इतकाच की तिथे कन्सोल कोणी बघत नसतं.

आम्ही सोनारांसाठी सुवर्णसंचय योजनेचं अ‍ॅप बनवतो. ग्राहक दरमहा हप्ता भरतो, मुदत संपली की त्या रकमेचं सोनं घेतो. योजनेचा सगळा भाग आम्ही एका डायनॅमिक फ्रेमवर्कमध्ये ठेवलाय, कारण तेच फ्रेमवर्क वेगवेगळ्या पेढ्यांच्या अ‍ॅपमध्ये जातं. लॉगिन, सेशन, नेटवर्किंग हे सगळं ‘गाभा’ नावाच्या स्विफ्ट पॅकेजमध्ये आहे. अ‍ॅप गाभा वापरतं आणि योजनेचं फ्रेमवर्कही वापरतं. पॅकेजच्या मॅनिफेस्टमध्ये (वर्णनाच्या फायलीत) लायब्ररीचा प्रकार लिहिला नाही तर ठरवायचं काम एक्सकोडकडे जातं. आमच्या बाबतीत त्याने गाभा स्टॅटिक म्हणून दोन्हींकडे ओतला.

लक्षण असं होतं: ग्राहक लॉगिन करतो, होम स्क्रीन व्यवस्थित दिसते, ‘माझी योजना’ वर टॅप केलं की पुन्हा मोबाइल नंबर विचारला जातो. ओटीपी टाकला की तिथलं चालतं, पण मागे येऊन लॉगआउट केलं तरी योजनेत माणूस लॉगिनच. क्यूएने, म्हणजे तपासणी करणाऱ्या टीमने, याचं तिकीट ‘सेशन एक्स्पायरी’ म्हणून टाकलं, बॅकएंडवाल्यांनी टोकनची मुदत वाढवून बघितली, आणि अ‍ॅपमध्ये कीचेनवर (टोकन-पासवर्ड जपून ठेवायच्या जागेवर) संशय घेऊन झाला. युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, कारण टेस्टमध्ये सेशन बाहेरून दिलं जातं; शेअर्ड इन्स्टन्सला कोणी हातच लावत नाही.

गाठ सुटली ती एका क्रॅशमुळे. संदेशाचा अर्थ असा: ‘सेशन’ या टाइपची व्हॅल्यू ‘सेशन’ या टाइपमध्ये कास्ट करता आली नाही. दोन्हीकडे तेच नाव, फक्त पुढच्या कंसातले हेक्स आकडे वेगळे. हा संदेश दिसला की बाकी काही शोधू नका, दोन प्रती आहेत. कन्सोल वर सरकवला तर सिस्टिमच्या ओळींच्या गर्दीत आमची ओळ सुरुवातीपासूनच उभी होती. क्लासचं नाव अंडरस्कोर, टी, टी, सी असं सुरू होत होतं. स्विफ्टचा क्लास ऑब्जेक्टिव्ह-सीच्या वहीत असा नोंदला जातो: आधी मॉड्यूलच्या नावातल्या अक्षरांची संख्या, मग मॉड्यूल, मग क्लासच्या नावातल्या अक्षरांची संख्या, मग क्लास. अलामोफायरचा रिक्वेस्ट क्लास असेल तर ९, अलामोफायर, ७, रिक्वेस्ट. एकदा हे कळलं की ते गिचमिड नाव सहज वाचता येतं. आणि स्विफ्टमध्ये मॉड्यूलचं नाव जोडलेलं असतं म्हणून टक्कर होणार नाही, हा समजही गळून पडतो. इथे मॉड्यूल एकच होतं, ते दोनदा भरलं गेलं होतं.

खात्री करायला दोन गोष्टी केल्या. एलएलडीबी या डीबगरमध्ये थांबून, हातातल्या सेशन ऑब्जेक्टच्या क्लासवरून बंडल विचारलं, म्हणजे ‘बंडल फॉर’ ला ऑब्जेक्टचा टाइप दिला आणि पाथ छापला. होम स्क्रीनवर अ‍ॅपचा पाथ आला, योजनेत फ्रेमवर्कचा. मग दोन्ही बायनरींवर ‘एनएम’ चालवून क्लासचं नाव गाळून घेतलं, दोन्हीकडे होता. ‘ओटूल’ या साधनाला मोठा एल देऊन इथे उपयोग नाही, हे लक्षात ठेवा. तो फक्त डायनॅमिक लायब्रऱ्या दाखवतो, आणि स्टॅटिक ओतलेलं त्याला कधीच दिसणार नाही. कोणत्या ‘डॉट ए’ (स्टॅटिक लायब्ररीच्या) फायलीतून काय आलं तेही हवं असेल तर ‘राइट लिंक मॅप फाइल’ सुरू करून तो नकाशा वाचावा. कंटाळवाणा आहे, पण खोटं बोलत नाही.

उपाय त्यामानाने साधा निघाला. गाभाच्या मॅनिफेस्टमध्ये लायब्ररीचा प्रकार स्पष्टपणे डायनॅमिक लिहिला. अ‍ॅपच्या टार्गेटमध्ये तो ‘एम्बेड अँड साइन’, योजनेच्या फ्रेमवर्कमध्ये ‘डू नॉट एम्बेड’. एम्बेड कायम सर्वांत बाहेरच्या अ‍ॅपने करायचं. नाहीतर फ्रेमवर्कच्या पोटात फ्रेमवर्क जातं आणि त्याच ओळी वेगळ्या पाथने परत येतात. त्यानंतर बिल्ड फोल्डर साफ करून सिम्युलेटरमधून अ‍ॅप काढून टाकलं, कारण जुनं फ्रेमवर्क डिराइव्ह्ड डेटा या एक्सकोडच्या बिल्ड फोल्डरमध्ये पडून राहिलं तर दुरुस्तीनंतरही ओळ छापली जाते आणि डोकं फिरतं. दोन्ही पाथची शेवटची फाइल एकच आणि फोल्डर मात्र वेगळे, एकदा ‘बिल्ड प्रॉडक्ट्स’ मधून आणि एकदा अ‍ॅपच्या आतून, असं दिसलं तर हेच झालेलं असतं.

डायनॅमिकची किंमत आहे, नाही असं नाही. अ‍ॅप सुरू होताना डीवायएलडीला एक फाइल जास्त उघडावी लागते. एकदोन फ्रेमवर्कांनी काही बिघडत नाही, पण प्रत्येक लहानसहान पॅकेज डायनॅमिक करत सुटलात तर लॉन्चचा वेळ वाढतो. २०२३ मध्ये एक्सकोड १५ सोबत ‘मर्जेबल लायब्ररी’ आल्या: डीबगमध्ये वेगळ्या, रिलीजमध्ये एकत्र सांधलेल्या. आम्ही अजून तिकडे गेलेलो नाही.

आता ‘सोड’ वाल्यांचा आवडता तोडगा, आवाज बंद करणं. एक्सकोड ८ च्या काळात स्कीममध्ये (अ‍ॅप चालवायच्या सेटिंगमध्ये) ‘ओएस अ‍ॅक्टिव्हिटी मोड’ ला ‘डिसेबल’ द्यायची साथ आली होती. अजूनही जुन्या प्रोजेक्टच्या स्कीममध्ये ती ओळ सापडते, कोणी आणि का टाकली हे माहीत असणारा नोकरी सोडून गेलेला असतो. ती सेटिंग ओएस लॉगचं तोंड बंद करते. डुप्लिकेट क्लासची ओळ रनटाइम थेट एसटीडीएरर या त्रुटींच्या आउटपुटवर लिहितो, त्यामुळे ती जिथल्या तिथे राहते. उलट तुम्हाला हवे असलेले संदेश गायब होतात. आमच्या स्कीममधून मी ती काढली.

दुसरं टोकही आहे. ‘ओबीजेसी, डीबग, डुप्लिकेट, क्लासेस’ हे शब्द रोमन कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोर घालून एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल करायचं आणि किंमत ‘येस’ द्यायची. मग डुप्लिकेट दिसताक्षणी प्रोसेस तिथेच थांबते. कल्पना मला मनापासून आवडते. पण सिम्युलेटरवर अडचण अशी की सिस्टिमची स्वतःची डुप्लिकेट असेल तर तुमच्या कोडची पाळी यायच्या आधीच अ‍ॅप आडवं होतं. ज्या रनटाइममध्ये सिस्टिमच्या ओळी येत नाहीत तिथेच हे वापरता येतं.

म्हणून आम्ही सीआयवर मधला रस्ता काढला. बिल्ड झालं की सिम्युलेटर हाताळणाऱ्या ‘सिमसीटीएल लॉन्च’ या कमांडला कन्सोलचा पर्याय देऊन अ‍ॅप सुरू करायचं, छापलेलं सगळं फायलीत घ्यायचं, आणि ‘इम्प्लिमेंटेड इन बोथ’ असलेल्या ओळी गाळायच्या. दोन्ही पाथ सिस्टिमचे असतील तर जाऊ द्यायचं. एक जरी पाथ आपल्या अ‍ॅपचा असेल तर बिल्ड लाल. गाळणीत नुसतं ‘डॉट अ‍ॅप’ शोधू नका, कारण ‘एक्सकोड डॉट अ‍ॅप’ हेही त्याच शेपटीचं आहे, आणि जुन्या सिम्युलेटरचे सगळे पाथ त्याच्या पोटातून जातात. ‘कंटेनर्स, बंडल, अ‍ॅप्लिकेशन’ हा तुकडा किंवा ‘बिल्ड प्रॉडक्ट्स’ शोधा. लॉन्च करताना अ‍ॅपला एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल द्यायचं असेल तर त्याच्या नावापुढे ‘सिमसीटीएल चाइल्ड’ हा उपसर्ग लागतो, नाहीतर ते सिमसीटीएलपाशीच अडकतं.

आणि ओळीचं शेवटचं वाक्य आता बदललंय. नव्या रनटाइममध्ये ‘विच वन इज अनडिफाइन्ड’ च्या जागी, यामुळे विनाकारण कास्टिंग फसू शकतं आणि गूढ क्रॅश होऊ शकतात, दोघांपैकी एक काढा किंवा त्याचं नाव बदला, अशा अर्थाचं वाक्य येतं. आमचं दुखणं त्यात शब्दशः आहे. सिस्टिमच्या ओळीखाली मात्र हाच सल्ला विनोदी वाटतो. अ‍ॅपलच्या फ्रेमवर्कमधला क्लास मी कुठून काढू?

गाळणी लावल्यावर तिने पकडलेली पहिली गोष्ट आमची नव्हतीच. पेमेंटसाठी घेतलेल्या एका बाहेरच्या एसडीकेच्या (तयार कोडच्या संचाच्या) बायनरीत ‘रीचेबिलिटी’ नावाचा, नेटवर्क आहे का ते बघणारा, क्लास निघाला, उपसर्गाशिवाय. अ‍ॅपलच्या जुन्या नमुना कोडमधली ही फाइल गेली कित्येक वर्षं जो तो आपल्या प्रोजेक्टमध्ये चिकटवतोय. आमच्याही एका जुन्या कोपऱ्यात ती होतीच. त्यांचं फ्रेमवर्क स्टॅटिक असतं तर लिंकरने ‘डुप्लिकेट सिम्बॉल’ म्हणून बिल्डच अडवलं असतं, निदान ‘डॅश ओबीजेसी’ हा फ्लॅग असताना तरी, कारण त्याने लायब्ररीतले सगळे ऑब्जेक्टिव्ह-सी क्लास आत ओढले जातात. डायनॅमिक असल्यामुळे दोन बायनरी, दोन पत्ते, आणि नुसती वॉर्निंग.

आम्ही आमचा रीचेबिलिटी काढून त्याच कामाचा अ‍ॅपलचा एनडब्ल्यूपाथमॉनिटर लावला, जे तसंही केव्हाच करायला हवं होतं. एसडीकेवाल्यांना मेल पाठवली, सोबत ‘एनएम’ चं आउटपुट जोडलं. उत्तर आलंय की पुढच्या आवृत्तीत उपसर्ग लावतो. ‘ताई’ म्हणणाऱ्या त्या मुलाला मी ते तिकीट दिलंय. त्यांचं नवीन एक्ससीफ्रेमवर्क (एसडीकेचं बायनरी पॅकेट) आलं की रिलीज नोट्स वाचायच्या आधी त्याच्यावर ‘एनएम’ चालव, एवढंच सांगितलंय.